आकाशातले देव: सूर्य, तारे आणि प्राचीन माणूस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्राचीन माणसाने सूर्याला आणि ताऱ्यांना देव का मानलं? भीतीपोटी का?

'निसर्गाला घाबरून माणसाने देव निर्माण केले' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते तपासून पाहावंसं वाटत नाही. भीती विजेची वाटते, पुराची वाटते, वणव्याची वाटते. सूर्याची भीती वाटायला तो केलाय काय? तो रोज येतो. तारे तर ज्या रात्री जिथून उगवायचे त्याच रात्री तिथूनच उगवतात. नदी पात्र बदलते, राजे मरतात, पाऊस दगा देतो. शब्द पाळतं ते फक्त आकाश. भीतीपेक्षा भरवसा हेच या देवत्वाचं मूळ असावं, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, हे देव बसल्या जागी कल्पून काढलेले नाहीत. आधी पाहणं झालं, तेही पिढ्यान्‌पिढ्या, आणि मग गोष्ट आली. आकाशातली वस्तू जशी वागते तसा तिच्या देवाचा स्वभाव ठरला. सगळं वरून पाहणारा सूर्य न्यायाधीश झाला, कधीच न मावळणारे तारे अमर झाले आणि मधूनच गायब होऊन परतणारा शुक्र पाताळात जाऊन आला. या पानावरची बहुतेक उत्तरं या एकाच सूत्राभोवती फिरतात.

'देव' या शब्दाचाच आकाशाशी संबंध आहे, हे खरं का?

खरं आहे. 'देव' आणि 'दिवस' हे दोन्ही शब्द 'दिव्', म्हणजे प्रकाशणे, या एकाच मुळाकडे जातात. वेदांतला 'द्यौस् पितर्' म्हणजे आकाशपिता. ग्रीकांचा 'झ्यूस पातेर' आणि रोमनांचा 'युपितेर' हे त्याचेच भाऊबंद. लॅटिनमध्येही देव म्हणजे 'देउस' आणि दिवस म्हणजे 'दिएस'. हजारो मैल दूर गेलेल्या भाषांनी ही जोडी सोडलेली नाही.

सुमेरी, म्हणजे आजच्या इराकमधल्या प्राचीन लोकांच्या, लिपीतला पुरावा तर डोळ्यांना दिसणारा आहे. या भाषेचं इंडो-युरोपीय भाषांशी, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या कुळाशी, काहीही नातं नाही. पण मातीच्या पाट्यांवर कुठल्याही देवाचं नाव लिहिताना आधी एक खूण काढायची पद्धत होती, आणि ती खूण म्हणजे ताऱ्याचं चित्र. तीच खूण 'आकाश' या अर्थानेही वाचली जाई. वाचणाऱ्याला पुढचं अक्षर लागायच्या आत कळायचं, की आता देवाचं नाव येतंय.

सूर्यदेव आणि न्याय यांची जोडी इतक्या ठिकाणी का दिसते?

कारण तो वरून पाहतो आणि त्याच्यापासून काही लपत नाही. बॅबिलोनियाचा सूर्यदेव शमाश हा न्यायाचा देव होता. तिथल्या हम्मुराबी राजाचा प्रसिद्ध कायदास्तंभ इ. स. पूर्व १७५० च्या आसपासचा आहे. १९०१ मध्ये तो सुसा इथे सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या माथ्यावर राजा ज्याच्यासमोर उभा आहे तो शमाश. देवाच्या खांद्यांतून किरण निघताना दिसतात. कायदा माझा नाही, ज्याला सगळं दिसतं त्याने दिलेला आहे, असं राजाला सांगायचं होतं.

ऋग्वेदात सूर्य म्हणजे 'चक्षुर्मित्रस्य वरुणस्याग्नेः', मित्र, वरुण आणि अग्नी यांचा डोळा. हे देव करार आणि ऋत (विश्वाची नियमबद्ध घडी) सांभाळणारे, म्हणजे त्यांना डोळा हवाच. ग्रीकांचा सूर्यदेव हेलिओस तर चक्क चहाडी करतो. प्रेमदेवी अॅफ्रोदिती आणि युद्धदेव अॅरीस यांच्या चोरट्या प्रेमाचं गुपित तिच्या नवऱ्याला सांगणारा तोच. स्वभाव तोच, पद तेवढं खालचं.

आकाशात सूर्य एकच, मग इजिप्तमध्ये सूर्यदेव इतके कसे?

इजिप्तच्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, 'सकाळचा आणि संध्याकाळचा सूर्य तुम्हाला सारखा दिसतो का?' उगवता सूर्य खेप्री. त्याचं रूप शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या भुंग्याचं. भरदुपारचा तो रा. मावळता तो आतुम, थकलेला म्हातारा. एकाच देवाचं बालपण, तारुण्य आणि वार्धक्य रोज डोळ्यांसमोर घडायचं.

मग रात्री तो जातो कुठे? इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंती हेच सांगण्यात रंगल्या आहेत. सूर्य नावेत बसून 'दुआत' या पाताळातून बारा तासांचा प्रवास करतो. प्रत्येक तासाला एक दरवाजा आणि त्याचे राखणदार. वाटेत अपेप नावाचा महासर्प नाव गिळायला टपलेला असतो आणि त्याला रोज नव्याने हरवावं लागतं. म्हणजे सकाळ आपोआप होत नाही, ती रात्रभर लढून मिळवलेली असते. दुसरं एक चित्रही याच लोकांचं: नुत ही आकाशदेवी संध्याकाळी सूर्याला गिळते आणि पहाटे त्याला जन्म देते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. तो आपल्याला पडतो.

रात्रीच्या सूर्याचा प्रश्न इतरांनीही सोडवला. ग्रीकांनी त्याला सोन्याच्या पात्रात बसवून जगाभोवतीच्या समुद्रातून पुन्हा पूर्वेला आणलं. डेन्मार्कमध्ये १९०२ साली सापडलेला त्रुंदहोल्मचा सूर्यरथ मला या सगळ्यांत जास्त आवडतो. इ. स. पूर्व १४०० च्या आसपासची ही काशाची कारागिरी. चाकांवर घोडा आणि त्याच्यामागे सूर्याची तबकडी. तबकडीच्या एकाच बाजूला सोन्याचा पत्रा आहे, दुसरी बाजू काळपट. रथ उजवीकडे ओढला तर झळाळता दिवस, उलट फिरवून डावीकडे नेला तर अंधारातून परतणारा सूर्य, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. त्या लोकांचं एकही लिखित अक्षर मागे राहिलेलं नाही, पण हे पुरेसं बोलकं आहे.

अखेनातेनने जगातला पहिला एकेश्वरवादी धर्म स्थापन केला का?

एकेश्वरवाद म्हणायचं की नाही यावर वाद आहे, पण त्याने केलं ते धाडसीच. इ. स. पूर्व चौदाव्या शतकातल्या या फारोने सूर्याची माणसासारखी आणि पक्ष्यासारखी रूपं बाजूला सारली आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी तबकडी, 'आतेन', तेवढी ठेवली. तिच्या किरणांच्या टोकांना छोटे हात असतात. मंदिरांची छपरंच काढून टाकली, कारण देव वर असताना त्याला अंधाऱ्या गाभाऱ्यात कशाला शोधायचं? नवी राजधानी वसवली, जुन्या अमुन देवाचं नाव दगडांवरून खोडून काढलं.

सतरा वर्षांच्या राज्यानंतर तो वारला आणि सगळं उलटलं. तुतानखातेन नावाचा मुलगा गादीवर आला आणि थोड्याच काळात तुतानखामुन झाला. नावातला आतेन गेला, अमुन परतला. हा धर्म का टिकला नाही याचं एक कारण मला असं दिसतं, की त्याने रात्र रिकामी ठेवली. आतेनच्या स्तोत्रात सूर्य मावळला की जग मेल्यासारखं पडतं, सिंह आणि साप बाहेर निघतात, बस. नौका नाही, लढाई नाही, पाताळातल्या मृतांना भेटणारा देव नाही. ज्यांना मेलेल्या आप्तांची काळजी होती त्यांच्यासाठी हे फार अपुरं होतं.

नाईलचा पूर आणि व्याधाचा तारा यांचं नातं काय?

इथे देव आणि कालगणना यांच्यातली रेघ पुसली जाते. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. दरवर्षी सुमारे सत्तर दिवस तो सूर्याच्या इतका जवळ असतो की दिसत नाही. मग एका पहाटे, सूर्य उगवायच्या थोडं आधी, पूर्व क्षितिजावर क्षणभर चमकतो. प्राचीन इजिप्तमध्ये ही पहाट उन्हाळ्याच्या मध्यावर यायची आणि तेव्हाच नाईलचं पाणी चढू लागायचं. हाच त्यांच्या वर्षारंभाचा मुहूर्त. ताऱ्याचं नाव सोपदेत. पुढे ती इसिस देवीशी एकरूप झाली, आणि मृग नक्षत्रातला साह हा तिचा पती ओसिरिस ठरला. मृग आधी उगवतो, मागून व्याध येतो. पतीच्या मागे पत्नी.

शव मसाले भरून जतन करण्याचा पारंपरिक कालावधीही सत्तर दिवसांचाच. तारा जितके दिवस पाताळात, तितकेच दिवस मृत माणूस. मग दोघंही परत येतात.

गंमत अशी की त्यांचं व्यवहारातलं वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं होतं. पाव दिवसाची भर नसल्यामुळे दर चार वर्षांनी पंचांग एका दिवसाने सरकायचं आणि व्याधाशी त्याचा मेळ पुन्हा बसायला सुमारे १४६० वर्षं लागायची. त्यांना हे कळत होतं. इ. स. पूर्व २३८ मध्ये इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याच्या काळात दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा निर्णय दगडावर कोरला गेला, तरी तो अंगवळणी पडला नाही.

मेलेली माणसं तारे होतात, ही समजूत कुठून आली?

अनेक ठिकाणी ती स्वतंत्रपणे आलेली दिसते. सर्वांत जुना सविस्तर लेखी पुरावा इजिप्तच्या पिरॅमिडांमधल्या मंत्रांत, इ. स. पूर्व २३५० च्या आसपासच्या उनास राजाच्या पिरॅमिडात मिळतो. राजाने उत्तरेच्या आकाशातल्या ताऱ्यांत जाऊन मिळावं अशी त्यात प्रार्थना आहे. उत्तरच का? कारण ध्रुवाभोवतीचे तारे क्षितिजाखाली जातच नाहीत. इजिप्ती त्यांना 'नाश न जाणणारे' म्हणत. बाकीचे तारे रोज मरतात, हे नाही.

उत्तर दिशेचं हे वेड दगडातही उतरलं. गिझातल्या खुफू राजाच्या पिरॅमिडाच्या बाजू खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या पंधराव्या हिश्श्याहूनही कमी ढळलेल्या आहेत. होकायंत्र नव्हतं; हे ताऱ्यांवरून किंवा सूर्याच्या सावलीवरून साधलं असणार.

आपल्याकडे सप्तर्षी आणि ध्रुव यांच्या कथा याच चालीच्या. ढळत नाही त्याला अढळपद. मात्र आजचा ध्रुवतारा तेव्हा ध्रुव नव्हता. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्याच्या एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात. पिरॅमिड उभे राहिले त्या काळात उत्तर ध्रुवाजवळ ठुबान हा कालेय तारकासमूहातला तारा होता.

गिझाचे तीन पिरॅमिड म्हणजे मृगातल्या तीन ताऱ्यांचा नकाशा, हे खरं का?

नाही. तीन पिरॅमिड तीन वेगवेगळ्या राजांनी, तीन वेगवेगळ्या पिढ्यांत बांधले. आधीच आखलेल्या नकाशाचा पुरावा नाही आणि इजिप्तचे अभ्यासक ही कल्पना मान्य करत नाहीत. मृगाचं महत्त्व होतंच, त्यासाठी नकाशाची गरज नाही. पिरॅमिड परग्रहावरच्या पाहुण्यांनी बांधले का, असं विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर: नाही.

शुक्राला इतकं महत्त्व का?

कारण त्याचं वागणं सगळ्यांत नाटकी. काही महिने तो पहाटे पूर्वेला झळकतो, मग लोपतो, मग संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागतो, पुन्हा लोपतो आणि अवघ्या काही दिवसांत पहाटे परततो. पूर्ण फेरी सरासरी ५८४ दिवसांची. अशा पाच फेऱ्या म्हणजे जवळजवळ नेमकी आठ वर्षं.

मेसोपोटेमियात, म्हणजे सुमेरी आणि बॅबिलोनियन लोकांच्या प्रदेशात, ही इनान्ना, पुढची इश्तार. प्रेमाची आणि युद्धाचीही देवी. एकाच देवीत हे दोन स्वभाव कसे मावतात? संध्याकाळची शुक्राची चांदणी आणि पहाटेची, असं उत्तर काही अभ्यासक देतात. तिची सर्वांत प्रसिद्ध कथा पाताळात उतरण्याची. सात दरवाजे, प्रत्येक दरवाजावर एकेक अलंकार उतरवत ती आत जाते, मरते, तीन दिवस आणि तीन रात्री खुंटीला टांगलेली राहते आणि परत येते. शुक्राचा लोप पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

या भक्तीसोबत हिशेबही चालू होता. बॅबिलोनियाच्या अम्मिसदुका राजाच्या काळातल्या शुक्राच्या उदय-अस्तांच्या २१ वर्षांच्या नोंदी मातीच्या पाटीवर आपल्यापर्यंत आल्या आहेत. अटलांटिकच्या पलीकडे, यांच्याशी काहीही संबंध नसताना, माया लोकांनीही हेच केलं. त्यांच्या, आता जर्मनीत ड्रेस्डेनला असलेल्या, ड्रेस्डेन पोथीत शुक्राची फेरी २३६, ९०, २५० आणि ८ अशा चार भागांत मांडली आहे, बेरीज ५८४. शेवटच्या आठ दिवसांच्या लोपानंतर उगवणारा शुक्र त्यांच्या दृष्टीने भाला फेकणारा योद्धा होता आणि तो कुणाला भोसकणार हेही पोथीत चितारलं आहे. इश्तारही युद्धाची. इतक्या दूरच्या दोन लोकांनी एकाच चांदणीत रक्त पाहावं, याचं मला अजून नवल वाटतं.

चंद्राचं स्थान सूर्याखालीच होतं का?

मुळीच नाही. मेसोपोटेमियात चंद्रदेव सीन हा सूर्यदेव शमाशचा बाप. महिने चंद्रावर मोजले जात, दिवसाची सुरुवात संध्याकाळी होई, मग आधी रात्र, आधी चंद्र. देवांना आकडे होते त्यातही सीनचा ३०, महिन्याच्या दिवसांइतका. शमाशचा २० आणि इश्तारचा १५.

चंद्राच्या २७ बायकांची भारतीय कथा तर निरीक्षणाची गोष्ट कशी होते याचा नमुनाच आहे. दक्षाच्या २७ मुली म्हणजे २७ नक्षत्रं. चंद्र ताऱ्यांमधून एक फेरी साधारण २७.३ दिवसांत पुरी करतो, म्हणजे रोज एका घरी मुक्काम. पण त्याचा जीव रोहिणीवर. बाकीच्या बहिणी बापाकडे तक्रार घेऊन गेल्या, दक्षाने क्षयाचा शाप दिला, मग तो सौम्य होऊन क्षय पंधरा दिवसांचा आणि वाढ पंधरा दिवसांची झाली. फेरीचा काळ आणि कलांचं कारण, दोन्ही एकाच संसारकथेत बसवलं. पाठ करायला लागत नाही, आणि विसरताही येत नाही.

चंद्रावरचा ससाही असाच. संस्कृतात चंद्राला शशांक म्हणतात. मेक्सिकोतल्या कथेत तेओतिवाकान इथे देव जमतात. नवा सूर्य व्हायला कुणीतरी आगीत उडी घ्यायची असते. ऐटबाज देव चार वेळा कचरतो, अंगावर फोड असलेला गरीब नानावात्सिन मात्र सरळ उडी घेतो आणि सूर्य होतो. लाजून दुसऱ्यानेही उडी घेतली तेव्हा आकाशात दोन सारखे सूर्य झाले. एका देवाने दुसऱ्याच्या तोंडावर ससा फेकून मारला, तो मंद झाला, आणि ससा तिथेच राहिला.

सूर्य नेहमी पुरुषच असतो का?

नाही. जपानची अमातेरासू, प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांची अरिन्नाची सूर्यदेवी, सीरियातल्या उगारित नगरीची शपाश, बाल्टिक लोकांची साउले, उत्तर युरोपातली सोल, या सगळ्या स्त्रिया. जपानी कथेत अमातेरासू रागावून गुहेत बसते, जग अंधारतं, आणि बाहेरच्या हशाने कुतूहल वाटून ती डोकावते तेव्हा समोर आरसा धरलेला असतो.

ग्रहण लागलं की काय होई?

शब्द पाळणारं आकाश शब्द मोडतंय, असं वाटे. म्हणून खरी भीती इथे होती.

ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने झाकतो आणि अत्री ऋषी मंत्राने सूर्याला शोधून काढतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. लिडिया आणि मीडिया या पश्चिम आशियातल्या राज्यांचं युद्ध सहाव्या वर्षी ऐन रंगात असताना दिवसाची रात्र झाली, दोन्ही सैन्यं थांबली आणि तह झाला. ते ग्रहण इ. स. पूर्व ५८५ च्या २८ मे रोजीचं मानलं जातं. उलट अथेन्सचा सेनापती निकियास याने इ. स. पूर्व ४१३ मध्ये सिसिलीतल्या सिरॅक्यूजहून माघार घ्यायच्या रात्री चंद्रग्रहण पाहिलं, ज्योतिषांनी तीन नवके, म्हणजे २७ दिवस, थांबायला सांगितलं, आणि त्या विलंबात त्याचं अख्खं सैन्य बुडालं.

सर्वांत विलक्षण उपाय मेसोपोटेमियातल्याच असिरिया राज्याचा. ग्रहणाने राजाचा मृत्यू सूचित झाला तर खरा राजा बाजूला व्हायचा आणि गादीवर एक बदली राजा बसवला जायचा, जास्तीत जास्त शंभर दिवस. मग त्याला मारलं जाई. भविष्य खरं झालं, राजा वाचला. एसारहद्दोन राजाच्या काळातली (इ. स. पूर्व ६८१ ते ६६९) पत्रं सापडली आहेत, त्यांत या काळात खऱ्या राजाला 'शेतकरी' असं संबोधलेलं आहे. आणि एक जुनी दंतकथा: मेसोपोटेमियातल्या इसिन नगरीच्या राजाने आपल्या माळ्याला असं बदली बसवलं आणि गरम पेज पिताना राजाच वारला. माळी गादीवरून उठलाच नाही. एन्लिल-बानी हे त्याचं नाव, आणि इसिनच्या राजांच्या यादीत ते खरोखर आहे.

याच भीतीतून नोंदी ठेवल्या गेल्या, आणि नोंदींतून कळलं की ग्रहणं १८ वर्षं ११ दिवस ८ तासांनी पुन्हा जुळतात. म्हणजे आकाशाने शब्द मोडला नव्हता, त्याचा हा शब्द आपल्याला कळला नव्हता इतकंच.

कृत्तिकांच्या कथा सगळीकडे सारख्या कशा?

सहा-सात बारीक ताऱ्यांचा झुबका. सूर्याच्या पासंगालाही न पुरणारा. तरी जर्मनीत नेब्रा इथे १९९९ मध्ये सापडलेल्या, सुमारे ३६०० वर्षांपूर्वी पुरलेल्या काशाच्या तबकडीवर सूर्य किंवा पूर्णचंद्र, कोर आणि सात ठिपक्यांचा हाच झुबका आहे. ग्रीकांना त्या सात बहिणी वाटल्या आणि मृगाचा शिकारी त्यांच्या मागे लागलेला. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी कथांतही सात बहिणी आणि पाठलाग करणारा पुरुष आहे. महाभारतात अग्नीला सप्तर्षींच्या बायकांचा मोह पडतो. स्वाहा त्यांतल्या सहाजणींची रूपं घेते, अरुंधतीचं मात्र तिला घेता येत नाही. म्हणून कृत्तिका सहा आणि सातवी दूर. बहुतेकांना डोळ्यांनी सहाच दिसतात, आणि 'सातवी कुठे गेली?' हे प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं. ही कथा आफ्रिकेतून बाहेर पडतानाच माणसाने सोबत आणली, असंही काहींनी सुचवलं आहे. मला ते फार ताणलेलं वाटतं.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले इंका कृत्तिकांना 'कोल्का', कोठार, म्हणत आणि पूजत. तिथले शेतकरी आजही जूनच्या अखेरीस पहाटे त्या पाहतात. अंधुक दिसल्या तर पाऊस उशिरा आणि कमी, मग बटाट्याची लावणी पुढे ढकलायची. २००० साली शास्त्रज्ञांनी हे तपासलं. एल निनोच्या वर्षी आकाशात फार उंचावर पातळ ढगांचा थर वाढतो, त्यामुळे तारे मंद दिसतात, आणि त्याच वर्षी तिथला पाऊसही घटतो. कोठार रिकामं की भरलेलं, हे खरोखरच वर दिसत होतं.

दगडी वर्तुळं आणि मंदिरं म्हणजे वेधशाळा होत्या का?

वेधशाळा म्हटलं की मोजमाप डोळ्यांसमोर येतं. इथे बेत बहुधा भेटीचा होता. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज हे दगडी थडगं पाहा, इ. स. पूर्व ३२०० च्या सुमाराचं, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. दारावर एक झरोका ठेवलेला आहे. २१ डिसेंबरच्या आसपासच्या मोजक्या सकाळी उगवत्या सूर्याचा किरण त्यातून शिरून १९ मीटर लांबीच्या बोळातून आतल्या दफनकक्षापर्यंत जातो आणि सुमारे १७ मिनिटं थांबतो. वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवशी सूर्य मृतांना भेटायला येतो. नुसती तारीख काढायची असती तर दोन काठ्या पुरेशा होत्या.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या दगडी वर्तुळाचा अक्षही असाच, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा उदय आणि हिवाळ्यातल्या सर्वांत छोट्या दिवसाचा अस्त एकाच रेषेवर.

इजिप्तमधल्या अबू सिंबलच्या मंदिरात वर्षातून दोनदा सूर्यप्रकाश गाभाऱ्यातल्या चारपैकी तीन मूर्तींवर पडतो आणि चौथा, पाताळाशी नातं असलेला प्ताह देव, अंधारातच राहतो, हे खरं. ते दिवस मंदिर बांधणाऱ्या दुसऱ्या रामसेसचा जन्मदिन आणि राज्याभिषेकदिन, हे मात्र पर्यटकांसाठीचं, पुरावा नाही. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या माया पिरॅमिडाच्या पायऱ्यांवरून विषुवदिनी उतरणारा सावलीचा साप सुंदर आहे, पण तो त्या दिवसाच्या आगेमागे बरेच दिवस दिसतो.

वारांची नावं ग्रहांवरून आली, पण क्रम असा विस्कटलेला का?

विस्कटलेला नाही. आकाशातल्या चालीप्रमाणे मंद ते जलद असा क्रम लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा प्रत्येक तास, म्हणजे होरा, क्रमाने एकेका देवाला द्या. पहिल्या तासाचा स्वामी तो वाराचा स्वामी. २४ ला ७ ने भागलं की उरतात ३, म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला तास तीन घरं पुढे जातो. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. आठवडा तयार. चोवीस तास इजिप्तचे, ग्रहदेव बॅबिलोनियाचे, मांडणी ग्रीक काळातली.

ख्रिस्तजन्माची २५ डिसेंबर ही तारीख सूर्यदेवाकडून घेतली का?

इतकं सरळ नाही. रोमन सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'चं मंदिर उभारलं. पण २५ डिसेंबरला त्या सूर्याचा जन्मदिन असल्याची आणि त्याच दिवशी ख्रिस्तजन्म असल्याची, दोन्ही जुन्या नोंदी ३५४ सालच्या एकाच रोमन दिनदर्शिकेत आहेत. कुणी कुणाकडून घेतलं, याचा निकाल त्यावरून लागत नाही.

तेव्हा कुणीच हे नाकारलं नाही का?

नाकारलं, दोन वेगळ्या कारणांनी. अथेन्समध्ये तत्त्वज्ञ अॅनॅक्सागोरस म्हणाला, सूर्य म्हणजे पेलोपोनीसपेक्षा, ग्रीसच्या दक्षिणेकडच्या भागापेक्षा, मोठा तापलेला दगड. त्याच्यावर पाखंडाचा खटला झाला आणि त्याला शहर सोडावं लागलं.

दुसरा नकार देवाच्याच बाजूने आला. हिब्रू बायबलमध्ये सूर्य, चंद्र आणि तारे यांच्यापुढे वाकू नका, अशी आज्ञा आहे. उत्पत्तीच्या कथेत तर त्यांची नावंही घेतलेली नाहीत, 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' एवढंच. शेजाऱ्यांच्या देवांना दिव्यांच्या पंगतीला बसवलं. कुराणात इब्राहीम तारा पाहतो, चंद्र पाहतो, सूर्य पाहतो, आणि मावळणाऱ्यावर माझं प्रेम नाही म्हणून एकेकाला सोडून देतो. इजिप्तने न मावळणारे तारे निवडले होते. इथे कसोटी तीच, पण ती लावल्यावर आकाशच मागे पडतं.

त्यांनी पाहिलेलं आज मला साध्या डोळ्यांनी पाहता येईल का?

येईल, दुर्बीण लागत नाही. जिथून पूर्व क्षितिज मोकळं दिसतं अशी एक जागा ठरवा आणि सूर्य डोकावताच, प्रखर व्हायच्या आत, तो कोणत्या झाडाच्या किंवा इमारतीच्या बाजूने उगवला याची आठवड्यातून एकदा नोंद करा. मार्च आणि सप्टेंबरमध्ये उगवण्याची जागा झपाट्याने सरकते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती जवळजवळ गोठते. आठ-दहा दिवस सूर्य त्याच खुणेपाशी उगवत राहतो, आणि तो परत फिरणार की नाही हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी तो खुणेच्या थोडा डावीकडे दिसतो.  दक्षिण गोलार्धात पाहत असाल तरी पूर्वेकडे तोंड तेच, सरकणंही डावीकडेच, फक्त तिथे त्या दिवसांत दिवस लहान नव्हे, मोठा असतो.